स्पेन : नदीच्या घळीतून चालायच्या वाटा (माद्रिदहून एक-दोन दिवसांत)

रानजाई

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या मध्यावर आम्ही दोघं लेकीकडे माद्रिदला निघालोय. तिच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रादो संग्रहालय, राजवाडा, तोलेदो, सेगोव्हिया असं सगळं रीतसर आहे. माझी मागणी एवढीच, की त्यातले दोन दिवस शहराबाहेर काढायचे आणि नदीकाठाने चालायचं. दोघंही साठीत. सिंहगडाची सवय आहे, राजगड-तोरण्याला आता गुडघे नाही म्हणतात. सपाटीवरचे दहा-बारा किलोमीटर असतील तर प्रश्नच नाही. मात्र मला उघड्या कड्यांची धास्ती वाटते. ह्यांना वाटत नाही, तो आणखी वेगळा ताप.

यूट्यूब उघडलं की कामिनितो देल रे सोडून दुसरं काही दिसत नाही. लेकीच्या ऑफिसातल्या कुणीतरी दुरातोन नावाच्या नदीची घळ सुचवली आहे. इथलं कुणी गेलंय का? खरोखर चालायची वाट आहे, की गाडीतून उतरायचं, फोटो काढायचे आणि परत? गाडी लेक चालवेल.

माद्रिदकर

ताई, लेकीच्या ऑफिसातल्या त्या माणसाला माझ्याकडून एक कॉफी.

कामिनितो आधी निकालात काढतो. ते दक्षिणेला मालागाजवळ. १९०१ ते १९०५ या काळात जलविद्युत प्रकल्पाच्या कामगारांसाठी कड्याला चिकटवलेली ती वाट, पुढे मोडकळीला येऊन बंद पडली आणि २०१५ साली नवी करून उघडली. तिकीट आधी काढायचं, डोक्यावर हेल्मेट चढवायचं आणि पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत एकाच दिशेने चालायचं. घळ सुंदर आहे यात वाद नाही. पण तुम्हाला कड्यांची धास्ती आहे आणि तिथे पायाखाली फळ्या, फळ्यांखाली नुसती हवा. सोडून द्या.

दुरातोन माद्रिदच्या उत्तरेला, गाडीने दीड तासाच्या आत. गाव सेपुल्वेदा, जिल्हा सेगोव्हिया. म्हणजे सेगोव्हियाला तुम्ही जाणारच आहात, त्यालाच जोडून होईल. नदी सोमोसिएर्राच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे पेन्याफिएलजवळ दुएरो नदीला मिळते. मधल्या टप्प्यात तिने चुनखडीच्या पठारात इतकी वेडीवाकडी वळणं कापली आहेत, की वरून बघताना ही एकच नदी आहे यावर विश्वास बसत नाही. कडे काही ठिकाणी शंभर मीटरच्या वर. १९८९ पासून हे निसर्ग उद्यान आहे, क्षेत्र पाच हजार हेक्टरच्या थोडं वर.

वाटा मुख्यतः तीन-चार. सेपुल्वेदातून सुरू होणारी 'दोन नद्यांची वाट' गावाभोवती फिरते. गाव दुरातोन आणि कास्लिया या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलंय, म्हणून हे नाव. छोटी आहे, तुमचं सकाळचं पाय मोकळं करणं होईल. दुसरी 'सेंदा लार्गा', म्हणजे लांब वाट. ही खरी घळीच्या तळातून जाते. तालकानो नावाच्या जुन्या पुलापासून बियार दे सोब्रेपेन्या गावाच्या पुलापर्यंत, एकेरी साधारण दहा किलोमीटर. चढउतार नगण्य, काठाला पॉपलर आणि विलोची झाडं, दोन्ही बाजूंना भिंती. ताई, तुमच्यासाठीच आखल्यासारखी आहे, कारण इथे तुम्ही कड्यावर नसता, कड्याखाली असता.

तिसरी सान फ्रूतोसच्या मठाची. त्याबद्दल नंतर सविस्तर लिहितो, आता टंकाळा (टंकायचा कंटाळा) आलाय.

एक महत्त्वाचं. १ जानेवारी ते ३१ जुलै या काळात सेंदा लार्गाला परवाना लागतो. तुम्ही मे महिन्यात, म्हणजे बरोब्बर त्यात. परवाना फुकट असतो, पण दिवसाला ठरावीकच माणसं सोडतात. उद्यानाचं माहिती केंद्र सेपुल्वेदातल्या सांतियागोच्या जुन्या चर्चमध्ये आहे, तिथून मिळतो. लेकीला आत्ताच ईमेल टाकायला सांगा. शनिवार-रविवार टाळलात तर उत्तम.

कातळकडा

म्हणजे तिकडेही परवाने आहेतच. इथे वनखात्याने वाट बंद केली की आपण सगळे बोंब मारतो, तिकडे केली की 'काय शिस्त आहे बघा' म्हणतो. नदीकाठाने चालायला परवाना कशाला? शिवाय एक प्रामाणिक प्रश्न : सांधण दरी बघितली आहे ना सगळ्यांनी? भंडारदऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. एवढे पैसे घालून चुनखडी बघायला जायचं?

चकोर

परवान्याचं उत्तर माझ्या खात्यातलं आहे, म्हणून मध्ये तोंड घालतो. मी चिपळूणचा, पक्षी बघतो, आणि तीन वर्षं नोकरीनिमित्त स्पेनमधल्या वायादोलिदला काढली आहेत.

ती तारीख वनखात्याच्या साहेबाच्या लहरीवर ठरलेली नाही. दुरातोनच्या कड्यांत ग्रिफन गिधाडांची स्पेनमधली एक मोठी वसाहत आहे, शेकडो जोड्या. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, जानेवारी-फेब्रुवारीत, ऐन थंडीत. दोघं आळीपाळीने पन्नासेक दिवस उबवतात. पिल्लू बाहेर आलं की पुढे जवळजवळ चार महिने कपारीतच असतं. आता बेरीज करा : जानेवारीपासून निघालात की जुलैवर येता. खालून माणसांचा गोंगाट आला की बसलेला पक्षी उडतो. अंडं थंड पडतं किंवा कावळे-डोमकावळे हात साफ करतात. वर्षाचं एकच अंडं गेलं की त्या जोडीचं वर्ष गेलं. ऑगस्ट उजाडला की हीच वाट परवान्याशिवाय खुली होते.

वाट बंद नाहीच आहे, फक्त माणसं मोजून सोडतात. आपल्याकडे हे जमेल का, हा वेगळा धागा होईल.

सांधणबद्दल : दोन्ही बघितल्या आहेत. तुलनाच चुकीची. सांधण बेसॉल्टमधली भेग आहे, काळी, अरुंद, आत शिरलं की दिवस मावळल्यासारखा. दुरातोन चुनखडीतली. तो खडक पाण्यात विरघळतो, म्हणून कपारी, गुहा, बोगदे, भोकं यांची नुसती रेलचेल आणि रंग पिवळा, नारिंगी, करडा. गिधाडाला घरटं करायला यापेक्षा चांगली चाळ कुठे मिळणार? आपल्या बेसॉल्टमध्ये पाण्याने केलेली कारागिरी बघायची तर निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघावेत.

कातळकडा

बेरीज पटली. साहेबाच्या लहरीबद्दलचं विधान मागे. सांधणबद्दलचं नाही.

रानजाई

चकोर, फार सुंदर समजावलंत. ह्यांना वाचून दाखवलं. ईमेल लेकीने टाकली आहे. मे महिन्यात पिल्लं दिसतील का हो? आणि गिधाडं जवळून दिसतात की ठिपके?

चकोर

ताई, मे महिन्यात पिल्लं चांगली मोठी झालेली असतात. दुर्बीण असेल तर कपारीच्या काठावर करडा गठ्ठा दिसेल, तेच. मोठी गिधाडं मात्र दुर्बिणीशिवायही भरपूर. सान फ्रूतोसच्या टोकावर उभं राहिलात तर ती तुमच्या डोळ्यांच्या पातळीवरून आणि कधी पायांखालून जातात. पंखांचा पसारा अडीच मीटर. सकाळी दहाच्या आधी फार हलत नाहीत. खडक तापून हवा वर चढायला लागली की निघतात. तेव्हा पहाटे पोचायची घाई नको.

अपवाद एकाच पक्ष्यासाठी. वरच्या उजाड पठारावर ड्यूपाँचा चंडोल नावाचा लाजाळू पक्षी राहतो. दिसत जवळजवळ नाहीच, सूर्योदयाआधी त्याची शीळ ऐकू येते. तेवढ्यासाठी अंधारात उठायची तयारी असेल तर उठा, पण वाटेवरूनच ऐका, झुडपांत शिरू नका.

पांढरं गिधाडही असेल. ते आफ्रिकेत थंडी काढतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परत येतं. आपल्याकडे हेच इजिप्शियन गिधाड, तोच पक्षी.

अवांतर आहे, पण राहवत नाही. पहिल्यांदा दुरातोनला गेलो तेव्हा आकाशात एका वेळी चाळीस-पन्नास गिधाडं बघून मी मोजणं सोडून खाली बसलो. आपल्याकडे श्रीवर्धन-म्हसळ्याच्या पट्ट्यात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाची नारळावरची घरटी शोधत आम्ही वाड्या पालथ्या घालायचो. नव्वदच्या दशकापर्यंत भारतभर लाखोंनी असलेली गिधाडं दहा-पंधरा वर्षांत ९५ टक्क्यांहून जास्त संपली. कारण निघालं डायक्लोफिनॅक. गुराला दुखणं कमी व्हायला टोचायचं, जनावर मेलं की औषध मांसात, गिधाडाने खाल्लं की मूत्रपिंड निकामी. हे २००४ साली सिद्ध झालं, २००६ साली भारताने गुरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद केलं. आणि २०१३ साली स्पेनने तेच औषध गुरांसाठी मंजूर केलं! युरोपातली ग्रिफन गिधाडं बहुतांश ज्या देशात आहेत, त्या देशाने. पक्षीमित्रांनी अजून तो मुद्दा सोडलेला नाही.

पाणवठा

चकोर, हे माहीतच नव्हतं. मग तिथली गिधाडं मेली कशी नाहीत?

चकोर

तिकडे औषध पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि मेलेलं जनावर उघड्यावर टाकण्यावर बंधनं आहेत, हा त्यांचा युक्तिवाद. धोका शून्य नाही. पिरेनीजमध्ये डायक्लोफिनॅकने एक काळं गिधाड मेल्याचं नोंदलं गेलंय.

पण त्या बंधनांचीही एक गोष्ट आहे. स्पेनमध्ये प्रत्येक गावाबाहेर 'मुलादार' असायचा, मेलेलं खेचर, मेंढी, डुक्कर टाकायची जागा. आपली ढोरं टाकायची जागा असते ना गावाबाहेर, तशीच. गिधाडांची खानावळच ती. मॅड काऊ रोग आला आणि २००२ च्या युरोपीय नियमाने मेलेली गुरं गोळा करून जाळायची सक्ती झाली. मुलादार बंद पडले. गिधाडं उपाशी. वस्तीजवळ येऊ लागली, जिवंत वासरांवर हल्ल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. शेवटी २०११ च्या सुमारास नियम ढिले केले, ठरावीक क्षेत्रांत मेंढपाळांना जनावर जागेवर सोडायची मुभा मिळाली. म्हणजे एका देशात औषधाने मारली, दुसऱ्या देशात स्वच्छतेने उपाशी ठेवली. नाशिककडच्या काही गावांत आता गिधाडांसाठी मुद्दाम 'उपाहारगृह' चालवतात, ते याच विचाराने.

माद्रिदकर

चकोर साहेबांना दंडवत. आता माझं राहिलेलं.

सान फ्रूतोस. बियासेका नावाच्या गावातून कच्चा रस्ता फुटतो, चार-पाच किलोमीटर. साधी गाडी जाते, हळू चालवायची. पुढे पार्किंग आणि तिथून वीसेक मिनिटांची रुंद वाट. नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या एका चिंचोळ्या सुळक्यावर रोमानेस्क या मध्ययुगीन शैलीचा छोटा मठ उभा आहे, इ.स. ११०० सालचा. खाली बुर्गोमियोदो धरणाचं फुगलेलं पाणी, हिरवंगार, हलत नाही.

सान फ्रूतोस हे सेगोव्हियाचे ग्रामदैवतच म्हणा. सातव्या-आठव्या शतकातला संन्यासी. आपली आणि भावंडांची इस्टेट वाटून टाकून या कड्यावर येऊन राहिला. मुस्लिम सैन्य पाठलागावर आलं तेव्हा त्याने जमिनीवर काठी मारली आणि खडक दुभंगला, अशी कथा. ती भेग अजून आहे, तिच्यावरून छोटा दगडी पूल ओलांडूनच मठाकडे जावं लागतं. नवऱ्याने संशयाने कड्यावरून ढकललेली एक बाई सान फ्रूतोसच्या कृपेने वाचली, अशीही गोष्ट आहे. तिची कबर मठात दाखवतात.

त्याची भावंडं बालेंतिन आणि एनग्रासिया. त्यांच्या कवट्या काबायार गावात जपून ठेवल्या आहेत. पाऊस लांबला की त्या मिरवणुकीने नेऊन तिथल्या पवित्र झऱ्यात बुडवतात. आमच्या लहानपणी गावात मुलं कडुनिंबाचा पाला बांधून 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत दारोदार फिरायची. कास्तियच्या शेतकऱ्याला आणि मराठवाड्याच्या शेतकऱ्याला पावसाची भीक मागायची तऱ्हा वेगळी, पण घायकुती तीच.

ताई, धास्तीबद्दल : मठापर्यंतची वाट रुंद आहे, घाबरायचं कारण नाही. पण टोकाला सगळीकडे कठडे नाहीत. ह्यांना तेवढं सांभाळा. वारा जोराचा असेल त्या दिवशी कडेला मुळीच जाऊ नका.

२५ ऑक्टोबरला सान फ्रूतोसची जत्रा असते. कुणी शरद ऋतूत जाणार असेल तर तो दिवस एक तर मुद्दाम गाठा, नाही तर मुद्दाम टाळा. मधलं काही नाही.

उनाड

माझं मत वेगळं. दोन दिवस आहेत ना? मग दुरातोन अर्ध्या दिवसात उरकून पुढे सोरियाकडे जा, रिओ लोबोसला. 'लांडग्यांची नदी'! दुरातोनमध्ये मठ आणि नदी यांच्यात शंभर मीटरचा कडा आहे. लोबोसमध्ये मठ नदीच्याच काठी. सान बार्तोलोमे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, टेम्पलर या धर्मयोद्ध्या सरदारांनी बांधला असं मानतात. खिडकीच्या दगडी जाळीत पाच टोकांचा तारा आहे, त्यावरून गूढविद्यावाल्यांनी जे रान उठवलंय ते वाचून करमणूक होते. शेजारीच भली मोठी गुहा.

उद्यान १९८५ पासूनचं. घळ ओंतोरिया देल पिनारपासून उसेरोपर्यंत पंचवीसेक किलोमीटर. सगळं चालायची गरज नाही. उसेरोकडून आत शिरा, मठ बघा, आणखी तासभर आत जा आणि परत फिरा. पूर्ण सपाट. नदी ओलांडायला दगड मांडलेले आहेत. मे महिन्यात पाणी असेल, उन्हाळ्यात वरच्या टप्प्यात नदी चक्क गायब होते. चुनखडीत मुरून खालून वाहते आणि उसेरोजवळ झऱ्यातून बाहेर येते. एखाद्याला कोरडं पात्र बघून फसवल्यासारखं वाटेल, मला ते पाण्यापेक्षा जास्त आवडलं.

मुक्कामाला एल बुर्गो दे ओस्मा. सुंदर कॅथेड्रल, संध्याकाळी सगळं गाव चौकात.

माद्रिदकर

उनाड, 'अर्ध्या दिवसात उरकून' या तीन शब्दांना माझा आक्षेप आहे. सेंदा लार्गा जाऊन-येऊन वीस किलोमीटर. अर्धी करून परतलं तरी दिवस जातो. माद्रिदहून उसेरो दोन तासांच्या वर. ताईंना पळवू नका.

उनाड

दोन नाही, चार दिवस काढायला सांगा मग लेकीला. प्रादो कुठे पळून जात नाही.

दगडधोंडा

कारेस नदीच्या घळीचं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? उत्तरेला पिकोस दे एउरोपा या डोंगररांगेत. पोन्सेबोस ते काईन, एकेरी बाराएक किलोमीटर. कालव्याच्या देखरेखीसाठी कड्यात कोरलेली वाट. कालवा १९१६ ते १९२१ मध्ये झाला, वाट पुढे चाळीसच्या दशकात नीट केली. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला थेट खाली नदी, कठडे नाहीत म्हटलं तरी चालेल. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने उतरलेल्या माणसाला अवघड काही नाही, फक्त नजर खाली जाते. ताई, तुमच्यासाठी नाही. बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो.

बहुतेक लोक पोन्सेबोसकडून निघतात आणि पहिल्याच चढाला उन्हात भाजून निघतात. वेळ कमी असेल तर काईनकडून शिरा. सगळ्यात चिंचोळा भाग, बोगदे आणि पूल त्याच टोकाला आहेत. दोन-तीन किलोमीटर जाऊन परत आलात तरी पैसे वसूल. पाऊस पडून गेल्यावर जाऊ नका, वरून दगड येतात.

काईनबद्दल स्पेनमध्ये म्हण आहे : काईनची माणसं मरत नाहीत, कड्यावरून पडतात. तिथल्याच एका मेंढपाळाने, ग्रेगोरिओ पेरेस, लोक म्हणायचे 'एल काईनेखो', ५ ऑगस्ट १९०४ ला पेद्रो पिदाल या सरदारासोबत नारान्खो दे बुल्नेसचा सुळका पहिल्यांदा सर केला. २५१९ मीटर. सरदाराकडे लंडनहून आणलेला दोर, मेंढपाळ अनवाणी, असं सांगतात. याच पिदालने पुढे खटपट करून १९१८ साली इथे स्पेनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान उभं करवलं. फलकांवर सरदाराचं नाव मोठं असतं, मेंढपाळाचं त्याखाली. आपल्याकडच्या कड्यांवरही दोर बांधायला गावातलाच गडी आधी चढलेला असतो.

कातळकडा

शेवटच्या वाक्याला +१. याच्यावर वेगळा लेख लिहा राव.

खवय्या

एवढे प्रतिसाद झाले आणि सेपुल्वेदाच्या कोकराबद्दल एक अक्षर नाही? त्या गावात लोक घळ बघायला येतात हा गैरसमज आहे. माद्रिदचे लोक रविवारी येतात ते फक्त जेवायला. दूधपितं कोकरू, मातीच्या परातीत, पाणी आणि मीठ, लाकडावरच्या भट्टीत दोन-तीन तास. मसाला शून्य. सोबत पाव आणि सॅलड. पहिल्या घासाला आपल्या जिभेला वाटतं काहीतरी राहिलं, तिसऱ्या घासाला वाटेनासं होतं. पाव कोकरू दोघांना पुरतं.

वेळ पाळा. जेवण दोन ते चार. साडेचारला घामाघूम पोचलात तर भट्टी विझलेली आणि बटाट्याचे वेफर्स.

रानजाई

खवय्या, इथेच घोटाळा. हे खातात, मी शाकाहारी. अंडं चालतं. काय खाऊ?

खवय्या

अरेरे. पण उपाशी राहणार नाही. तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, कुठेही. 'पिस्तो' म्हणजे टोमॅटो, भोपळी मिरची, झुकिनीची भाजी, ती मागा. मेंढीच्या दुधाचं चीज उत्तम. शेवटी 'पोंचे सेगोव्हियानो' नावाचा केक.

सावध कुठे राहायचं ते ऐका. 'मांस नको' म्हटलं तर हॅम आणि ट्यूना मांसात धरत नाहीत, सॅलडवर ट्यूना येणारच. सूप निरागस दिसतं, त्यात हॅमचे तुकडे. मोठ्या पांढऱ्या पावट्यांची उसळ पाहून हुरळून जाल, ती बहुधा डुकराच्या कानासोबत शिजलेली असते. 'नी हामोन, नी आतून', म्हणजे हॅम नको, ट्यूनाही नको, असं सरळ सांगायचं. वाटेसाठी दशम्या आणि चटणी घेऊन जा, बेस्ट.

रानजाई

दशम्या ठरल्या. आणि आनंदाची बातमी : परवान्याचं उत्तर आलं, मंगळवारचा मिळाला! बेत असा ठरतोय. सोमवारी सेगोव्हियाहून सान फ्रूतोस, संध्याकाळी सेपुल्वेदाला मुक्काम. मंगळवारी सेंदा लार्गा जमेल तेवढी. उनाड, लोबोसला जावईबापूंनी शनिवार-रविवार जोडून न्यायचं कबूल केलंय, तेव्हा तुमचंही ऐकलं. कारेस पुढच्या जन्मी. बूट घेऊ की नेहमीचे सिंहगडचे चालतील? थंडी?

माद्रिदकर

झकास. सिंहगडचे बूट चालतील, तळ झिजलेला नको, नदीकाठी ओल्या चुनखडीवर घसरतं. सेपुल्वेदा हजार मीटर उंचीवर आहे, मेमध्ये दुपारी टोपी आणि संध्याकाळी स्वेटर दोन्ही लागतं. घळीत मोबाइलला रेंजचा भरवसा नाही, लेकीला नकाशा आधी उतरवून ठेवायला सांगा. परवान्याचा कागद आणि पासपोर्ट सोबत असू द्या.

दोन गाड्या नसतील तर सेंदा लार्गा एका टोकाने शिरून त्याच टोकाने परत या. जाताना ज्या भिंतीवर ऊन असतं, येताना ती सावलीत गेलेली असते, त्यामुळे तोच तो रस्ता वाटत नाही. ह्यांना ड्रोन वगैरेची हौस असेल तर माद्रिदलाच ठेवा, गिधाडांमुळे बंदी आहे.

बसस्टॉप

उत्तम धागा, वाखुसा (वाचनखूण साठवली). मी विद्यार्थी, सालामांकात. गाडी नाही, लायसन्सही नाही. सप्टेंबरमध्ये जायचं म्हणतोय. बसने जमेल का?

माद्रिदकर

सप्टेंबर म्हणजे परवान्याची भानगड नाही, ते एक बरं. सेपुल्वेदापर्यंत बस आहेत, पण मोजक्या, रविवारी आणखी कमी, तेव्हा परतीची वेळ आधी बघा आणि मगच जायचं तिकीट काढा. एक रात्र राहिलास तर सोपं. 'दोन नद्यांची वाट' आणि सेंदा लार्गा दोन्ही गावातूनच पायी सुरू होतात, गाडी लागतच नाही. सान फ्रूतोसला मात्र बस जात नाही. तीन-चार जण जमवा आणि सेपुल्वेदात पोचल्या पोचल्या दुसऱ्या दिवसाची टॅक्सी सांगून ठेवा, परत न्यायला किती वाजता यायचं तेही तेव्हाच ठरवून.

चकोर

आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच जा. त्यानंतर पांढरी गिधाडं आफ्रिकेला निघून जातात. दुर्बीण नसेल तर माहिती केंद्रात विचारून बघ.